पाणी जोखताना

चार हजार मीटर उंचीवर
थुंकीसुद्धा वेळेवर साथ देत नाही.
मी म्हणते, लिंबू आठवा.
अर्धं कापलेलं, मीठ लावलेलं.
मग आडदांड ड्रायव्हर डोळे मिटतात,
गालात माझी कापसाची काडी धरून,
तापाच्या पोरांनी थर्मामीटर धरावा तसे.
बाहेर तांब्याच्या खाणीचा पहिला भोंगा होतो.

पहाटे पाचला पिशवीत हात घालायचा.
निळा मणी आला तर लाळ,
पिवळा आला तर लघवी.

लाळ तशी उथळ. आत्ताचं सांगते,
फार तर कालचं. ओठांवरून काय आत गेलं,
एवढीच तिची धाव. आठवडा तिला माहीतच नाही.

लघवी जुन्या कारकुनासारखी.
उशिरा येते, पण चोपडी काखोटीला मारून येते.
परवाचं, तेरवाचं,
गांजा रोजचा असेल तर महिनाभराची थकबाकी.
मात्र अर्ध्या तासापूर्वीचं विचारा,
म्हणते, नोंद अजून वरून आलेली नाही.

आणि तिला राखण फार लागते.
संडासातलं पाणी मी निळं करते,
नळाला चिकटपट्टी लावते,
कपाच्या पोटावरची पट्टी पाहते, ऊब अंगातली की मोज्यातल्या बाटलीतली.
दाराबाहेर उभी राहून
परक्या पुरुषांची धार ऐकते.
चिलोए बेटावर आईला वाटतं, मी नर्स आहे.

त्या मंगळवारी कासिमिरो चायापा.
बावीस वर्षं ट्रकवर, आरशाला एकही ओरखडा नाही.
पिवळा मणी.
कोल्चानेकडच्या गावी बहिणीला माती देऊन आदल्या रात्री परतलेला.
मयताच्या जागरणाला तिकडे कोकाच्या पानांचा चहा असतो,
पातेलंभर, उजाडेपर्यंत.
माझ्या पट्टीवर रेघ उमटली नाही.
रेघ न उमटणं म्हणजे सापडणं,
हे मला त्याला दोनदा सांगावं लागलं.
पान आणि पूड यांतला फरक
पट्टीला कळत नाही. सान्तियागोच्या प्रयोगशाळेला कळेल,
बारा दिवसांनी, कळलाच तर.
त्याने किल्ली टेबलावर ठेवली.
आवाज होऊ नये म्हणून बोटं तिच्यावरच ठेवली थोडा वेळ.

त्याच्या मागोमाग येर्को.
शिफ्टच्या साहेबाचा भाचा.
त्यालाही पिवळा. सगळ्या रेघा ठळक, शाळेच्या वहीसारख्या.
आणि जाकिटाला वास, जळक्या ओल्या दोराचा.
डोळ्यांत ते सावकाश हसू.
चोपडी कोरी होती. नोंद यायची होती.
तीनशे टनांचा ट्रक मात्र सहाला सुटणार होता.

साहेबाची थुंकी झेलायला अर्धा कॅम्प उभा असतो.
मी तर पगारच थुंकी झेलण्याचा घेते.
ड्रॉवर उघडला. निळा मणी नव्हता,
नियमात बसत नव्हतं, काडी पुढे केली.
गालात धर, म्हटलं.

तीन मिनिटं. पाच.
काडी कोरडी ठक्क. माझं तोंडही.
साहेबाने दारावर टिचकी मारली, मग मूठ.
लिंबू आठव, मी म्हणाले.
कुठलं लिंबू, तो म्हणाला, काडीआडून.

खिडकीखाली बाकावर कासिमिरो बसची वाट बघत होता.
पिशवीतून त्याने पिकाचं लिंबू काढलं,
बोराएवढं, हिरवं,
मयताच्या घरून सोबत दिलेलं,
आणि दाताने फोडलं.

वास आधी माझ्यापर्यंत आला.
मग येर्कोचा गळा हलला.
काडी भिजत गेली, टोकापासून, गुपचूप.

दुपारच्या बसने दोघं एकाच रांगेत खाली गेले.
एकाच्या अंगात परवाचा चहा होता,
एकाच्या अंगात पहाटेचा धूर.
माझ्या फॉर्मवर दोघांना चौकट एकच.
मी ती दोनदा भरली,
दुसऱ्यांदा पेन जास्त दाबून.